चार बोटं

—खुर्ची नाही. त्या उंबऱ्यापाशी दगड आहे ना, त्यावर बसा, सगळे तिथंच बसतात. हां. आता विचारा, पण एकदाच विचारा, मला दोनदा सांगायची सवय नाही. पूल कुणी बांधला? आम्ही बांधला. साहेबांनी कागद बांधले, पूल आम्ही बांधला. लिहिलंत? लिहा. तीन वर्षं लागली. पहिलं वर्ष नुसतं पाणी उपसण्यात गेलं—लोक काठावर येऊन विचारायचे, नदी आटवायला काढली काय? नऊ खांब. चार आमच्या काठाचे, चार पलीकडचे, मधला दोघांचा. इकडचा मुकादम मी आणि पलीकडचा माझा मेहुणा. सख्खा, बायकोचा थोरला भाऊ. दोन टोळ्या दोन्हीकडून निघायच्या आणि मधे गाठ पडायची, तशीच पद्धत होती. चुरस असली की माणूस विडी कमी ओढतो. तो पलीकडून ओरडायचा, "दाजी, जागे आहात का?" मी ओरडायचो, "तुझा खांब बघून झापड येते!" मधे नदी, त्यामुळे जे काय बोलायचं ते सगळ्यांना ऐकू जायचं.

गचका? बसतोच. मधोमध बसतो. हे सांगायला खात्यानं तुम्हाला एवढ्या लांब पाठवलं? अडतीस वर्षं बसतोय. दूधवाला म्हणतो, पलीकडे पोचेपर्यंत कॅनमध्ये लोणी येतं. मग काय झालं? पूल उभा आहे ना? पाच महापूर गेले त्याच्यावरून, एक चिरा हलला नाही. आणि गचका का बसतो ते तुमच्याच कागदात लिहिलंय. वाचा. मोठ्यानं वाचा. हां—पलीकडची बाजू उंच झाली, तिकडच्या मुकादमाची चूक. तुमच्याकडे आकडा असेल, आमच्या भाषेत चार बोटं. बरोबर लिहिलंय.

ते काही नाही. आत भांडं पडलं. म्हणजे पडलं नाही, आपटलं. बायको आहे, तिला ऐकू सगळं येतं, बोलते कमी.

काय करणार म्हणालात? तासणार? पलीकडची बाजू तासून खाली आणणार? कुणाच्या डोक्यातून आलं हे? अहो, वरचा थर तो केवढा, त्याच्या पोटात सळई आहे. चार बोटं तासलीत तर सळई उघडी पडेल, पाणी लागेल, गंजेल, आणि मग गचका बसायलाही पूल उरायचा नाही. मेहुण्यानं एकेक सळई स्वतः बांधून घेतली होती. माझं काम चांगलं होतं, पण त्याचं—जाऊ द्या. इकडची बाजू वर घ्या. थर चढवा. कशावरून म्हणजे? मी सांगतोय म्हणून! कागदात उलटं आहे हे मलाही दिसतं, कागद मला दाखवू नका.

पाणी घ्या.

उंचीचा दगड माहीत असेल तुम्हाला. दोन्ही काठांवर एकेक. साहेब दुर्बिणीतून बघून रोवतो, त्यावर रेघ मारतो, सगळं काम त्या रेघेवरून मोजायचं. तर आमच्या काठाचा दगड खडीच्या ट्रकनं पाडला. मागं घेताना धक्का लागला, आडवा झाला. साहेब गेले होते आठ दिवसांच्या रजेवर आणि काम थांबलं असतं तर पलीकडची टोळी पुढं गेली असती. मला तेव्हा पाणसळ म्हणायचे सगळे. पाणसळ न लावता नुसत्या नजरेनं भिंतीची पातळी सांगायचो, कधी चुकलो नाही. मी दगड उभा केला, दोन पावलं मागं गेलो, एक डोळा मिटला आणि रोवून टाकला. मेहुणा नावेनं आला होता त्या दिवशी, बहिणीनं जेवायला बोलावलं होतं. त्यानं बघितलं. म्हणाला, "दाजी, साहेबांना येऊ द्या." मी म्हटलं, माझी नजर आहे.

मग मधे गाठ पडली तेव्हा चार बोटं. चौकशी बसली. साहेबांनी विचारलं, कुणाच्या काठाचा दगड हलला? मी उभा होतो. तोंड होतं मला. बायकोला सातवा महिना होता, हे मी आजवर कारण म्हणून सांगत आलोय—स्वतःलाच, दुसरं कोण विचारतंय. मेहुणा पुढं झाला. म्हणाला, आमच्याकडचाच हलला असेल साहेब. त्याला काढलं, पुन्हा कुणी मुकादमी दिली नाही. पुलावरच्या पाटीवर माझं एकट्याचं नाव आहे, वाचलं असेल येताना. बायको त्या पुलावरून एकदाही गेली नाही. मी बांधलेला पूल दारात आणि ही माहेरी जायची नावेनं. नावाडी वारला तेव्हा म्हणाली, संपलं माहेर. तेरा वर्षं झाली. भाऊ आहे अजून, सकाळी काठावर येऊन बसतो. इकडून दिसतो. ओरडत नाही आता.

पुरावा? पुरावा पाहिजेच तुम्हाला. उठा. अहो उठा, त्या दगडावरून उठा. चौकशीच्या आदल्या दिवशी उपटून आणला मी, म्हटलं कुणी मोजायला नको. गाठ पडली की दोन्हीकडचे दगड काढतातच, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. कलता करा, एकट्याला जमेल. मातीचे दोन डाग दिसतात? खालचा साहेबांनी रोवला तिथवरचा. वरचा मी रोवला तिथवरचा—तेवढा जास्त खोल गेला, रेघ खाली आली, आणि आमचीच बाजू खाली राहिली. मधे बोटं ठेवून बघा. ठेवा. मोजा.

किती?

हां. जीपमध्ये घाला तो. नीट लिहा आता, आणि पाटीवर काय लिहायचं ते मेहुण्याला विचारून लिहा. मला वाचून दाखवायला येऊ नका.

आत आवाज बंद झाला बघा. ही आली. चपला घालून आलीये. जीपमध्ये एक माणूस मावेल ना? पुढं बसवा तिला, आणि मधे आलात की गाडी हळू घ्या—तिला माहीत नाही गचका कुठं बसतो ते.

मी कशाला? तुम्ही निघा.