उजवी कळी पडली तेव्हा

मंडळी, पूर्वरंग झाला, आता आख्यान. पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. आज सांगायचं ते मोठ्या आवाजात सांगवत नाही.

आधी एक प्रश्न. आपण देवाला विचारतो — नाही का? मुलीला हे स्थळ द्यावं का? बदली घ्यावी का? तर विचारतो ते आपल्याला ठाऊक नसतं म्हणून, की ठाऊक असतं म्हणून? हसू नका! पुढे बसलेल्या वहिनी, तुम्ही साडी घेऊन येता आणि मग शेजारणीला विचारता, घेऊ का गं? ती नको म्हणाली तर दोन दिवस बोलत नाही तिच्याशी! मग देवाचं काय होत असेल? ऐका.

तुम्ही सगळे घाटावरचे. कौल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर घराच्या छपरावरचं कौल येतं. तळकोकणात कौल म्हणजे देवाचं उत्तर. काळ्या पाषाणाचा देव असतो, त्याच्या दोन्ही खांद्यांवर पिटकुळीच्या ओल्या लाल कळ्या चिकटवायच्या. मग गुरवाने देवाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे खड्या आवाजात विनवणी करायची. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ आणि मग वाट बघायची. आधी जी कळी पडेल, ते उत्तर. आता यात एक गंमत आहे. उजवी कळी म्हणजे देवाची उजवी. आपण समोर उभे, म्हणून ती दिसते आपल्या डाव्या हाताला. नवखा माणूस हमखास चुकतो. मीही पहिल्यांदा चुकलो होतो आणि सगळं देऊळ हसलं होतं.

पण कातळवाडीचे विश्राम गुरव? चाळीस वर्षं कौल लावतात, एकदाही चुकले नाहीत. दहा गावची माणसं त्यांच्याकडे येतात, का? तर विश्राम सांगेल तोच देवाचा शब्द. त्यांनी स्वतःच्या घराला पुढून दार काढायचं ठरवलं होतं. कौल लावला, देव नको म्हणाला. झालं! आजही त्यांच्या घरी पाहुणा जातो तो मागून, स्वयंपाकघरातून! मी गेलो तर माझं उपरणं पहिल्यांदा फोडणीच्या वाफेत. असा माणूस.

आणि त्यांची एकुलती मुलगी रसिका. हुशार! संगणकाची इंजिनीयर झाली आणि आता तिला त्यातलीच पुढची पदवी घ्यायची होती, मास्टर्स, तीही परदेशात. मला संगणकातलं काय कळतं? आमचे पेटीवाले मला फोनवर फोटो पाठवायला शिकवतात आणि दर महिन्याला नव्याने शिकवतात. पण त्या मुलीने मला समजावून सांगितलं. यंत्राला माणसाचं बोलणं समजावं, हे तिचं वेड. मोठमोठ्या भाषा यंत्रांना येतात, बुवा, म्हणाली, पण आमची मालवणी येत नाही. ती शिकवायची.

दोन विद्यापीठांनी तिला ये म्हटलं. त्यांची नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून आपण त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू.

थोरली म्हणजे केवढी! जगाच्या यादीत वरच्या ओळीत. नाव घेतलं की लोक खुर्चीत सरळ बसतात. गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांनी अभिनंदनाचा फलकसुद्धा रंगवून घेतला होता, रसिकाचा फोटो आणि खाली थोरलीचं नाव. विश्रामदादा रोज देवळात जाता-येता तो वाचायचे. इंग्रजी येत नाही, पण ती अक्षरं त्यांना चित्रासारखी पाठ झाली होती.

आणि धाकटी? कुठल्याशा थंड देशातली. अर्धं वर्ष बर्फ. नाव सांगितलं तर लोक विचारतात, हे गावाचं नाव की औषधाचं? पण तिथे एक बाई होत्या, प्राध्यापिका. लहान लहान भाषा यंत्राला शिकवणं, हेच त्यांचं काम. रसिकाने अर्जासोबत आपल्या कामाचा नमुना पाठवला होता. काय होतं त्यात? वडिलांचं गाऱ्हाणं! दोन वर्षं तिने ते फोनवर त्यांच्याच आवाजात टिपून ठेवलं होतं.

थोरलीचं पत्र आलं. सुरेख, छापील, अभिनंदन. असं पत्र त्या दिवशी हजार मुलांना गेलं असेल. धाकटीचंही आलं. पण त्यासोबत त्या बाईंनी आपल्या हाताने चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांनी विचारलं होतं की, मधे मधे सगळे मिळून काय म्हणतात? आणि ते म्हणण्याच्या आधी तुमच्या वडिलांचा आवाज दर वेळी किंचित थांबतो, तो का?

मंडळी, रसिका बावीस वर्षांची. जन्मापासून ते गाऱ्हाणं ऐकलेली. वडील थांबतात हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं! आणि सात समुद्रांपलीकडच्या, मालवणीचं अक्षर न कळणाऱ्या बाईला ते ऐकू आलं. मुलगी ते पत्र घेऊन पडवीत बसली आणि पुन्हा पुन्हा वडिलांचा आवाज लावून ऐकत राहिली.

मग तुम्ही म्हणाल, ठरलंच की! कुठलं ठरतंय? तिने संगणकावर एक तक्ता केला. नाव, यादीतली जागा, पुढची नोकरी, हवामान, सगळ्याला गुण दिले. प्रत्येक रकान्यात थोरली वर. आई म्हणाली, मग रडतेस कशाला? त्या चार ओळींना गुण द्यायला तिच्या तक्त्यात रकानाच नव्हता. आणि मनात एकच भीती — तो फलक. बाबा रोज वाचतात तो फलक. धाकटी म्हटलं तर बाबांचा हिरमोड व्हायचा. तिने सगळं सोसलं असतं, तेवढं सोडून.

उत्तर कळवायला उरला एक दिवस. पोरगी वडिलांना म्हणाली, कौल लावा. देव सांगेल तसं करीन.

चैत्राचा उत्सव होता. माझी सेवा तिथेच होती, म्हणून हे सांगीवांगीचं नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सकाळची वेळ. सभामंडपात पन्नासेक माणसं. गाभारा अंधारा, बाहेरच्यांना आतलं दिसत नाही. आत तिघं — विश्रामदादा, रसिका आणि उंबऱ्यापाशी मी. कळ्या लागल्या. गाऱ्हाणं सुरू झालं.

“बा देवा रवळनाथा, आज ह्या लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. ह्येका परमुलखात शिकूक जावचा आसा. उजव्या अंगाक थोरली, डाव्या अंगाक धाकटी. जा काय लेकराच्या भल्याचा आसात, ता दाखव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं देऊळ म्हणालं.

आणि शांतता. समईची वात चुरचुरते तेवढीच. मी टक लावून कळ्यांकडे बघतोय. पाच मिनिटं गेली. दहा गेली. डाव्या कळीवर पाण्याचा थेंब लोंबतोय, आता पडेल, आता पडेल... आणि पडली! कुठली? उजवी! देवाची उजवी. थोरली. मला लख्ख दिसलं. मी मनात म्हटलं, वा, फलक सार्थकी लागला!

विश्रामदादांनी वळून मंडपाकडे तोंड केलं आणि म्हणाले, “देवान डावो कौल दिल्यान. धाकटी.”

मंडपात कुजबुज. हेडमास्तरांनी तर कपाळाला हात लावला. आणि मी? माझ्या पायाखालची जमीन सरकली! चाळीस वर्षांत न चुकलेला माणूस उजवं-डावं चुकला? नाही, चुकला नव्हता. मंडळी, तो खोटं बोलला होता. देवाच्या गाभाऱ्यात, देवाच्या नावाने!

मला राग आवरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या वर्षी इथे प्रसादाच्या शिऱ्यात डालडा निघाला तेव्हा मी काय बोललो ते आठवत असेल. मी तडक मागे विहिरीवर गेलो. विश्रामदादा तांब्या घासत होते. मी म्हटलं, विश्रामदादा, तुम्ही हे काय केलंत? दहा गावं तुमच्या शब्दावर चालतात. उजवी पडली, मी बघितली!

त्यांनी तांब्या खाली ठेवला. म्हणाले, “माका पण दिसली, बुवा. कळी पडली, आणि त्याच टायमाक चेडवाचा तोंड पडला. दोन्ही माझ्या डोळ्यासमोर पडली. आता देवाचो कौल खयचो, ता तुम्हीच सांगा.”

मंडळी, मी एवढा पोथ्या वाचलेला माणूस. पण त्या दहा मिनिटांत मी नुसता कळीकडे बघत होतो. आणि तो बाप लेकीकडे बघत होता. धाकटी म्हटल्यावर तिची कळी खुलली, तीही त्यानेच पाहिली. मी नाही.

आणि रसिका मागेच उभी, सगळं ऐकत! गुरवाची लेक ती, तिला देवाचं उजवं-डावं शिकवायला नको. ती वडिलांना म्हणाली, “बाबा, उजवी पडलेली. माका दिसली. मी थोरलीकच जातंय. माझ्यासाठी तुम्ही देवाकडे खोटे पडूचा नाय.”

आता आला का पेच? मुलगी बापाच्या फलकासाठी आपलं मन मारायला निघालेली. बाप मुलीच्या मनासाठी चाळीस वर्षांचं इमान मोडून बसलेला. दोघं एकमेकांवर एवढी माया करतात की दोघांचंही वाटोळं व्हायचं! दुपारपर्यंत उत्तर धाडायचं आणि बापलेक विहिरीवर माना खाली घालून उभी. मला, खरं सांगतो, रडू आलं.

विश्रामदादांनी तिचा हात धरला आणि तिला परत गाभाऱ्यात नेलं. मीही गेलो, मला कोणी बोलावलं नव्हतं. मंडप रिकामा झाला होता. माणसं न्याहारीला गेली होती. ती पडलेली कळी अजून देवाच्या पायाशी होती. विश्रामदादांनी हात जोडले.

“बा देवा रवळनाथा, चाळीस वर्सा तुझो कौल सांगतंय. आज एकदा उलटो सांगितलंय. लेकराचा तोंड बघलंय आणि सांगितलंय. त्येचो दोष आसात तो माझ्या डोक्यार ठेव, लेकराच्या वाटेक लावू नको रे म्हाराजा...”

आणि थांबले.

व्हय म्हाराजा म्हणायला कोणी नव्हतं. ते थांबूनच राहिले. हात जोडलेले, मान वर. मी रसिकाकडे बघितलं, या वेळी कळीकडे नाही, तिच्याकडे. ती तो थांबलेला आवाज ऐकत होती. बावीस वर्षांत कधी न ऐकलेला, त्या परक्या बाईने दाखवून दिलेला. आणि तिला कळलं, मंडळी. बाबा श्वास घ्यायला थांबत नाहीत. ते आपल्यासाठी थांबतात! आपण हो म्हटल्याशिवाय त्यांचं मागणं पुढे जातच नाही.

ती अगदी हळू म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

आणि मीही म्हटलं.

त्याच दुपारी तिने धाकटीला येते म्हणून कळवलं. त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तरही लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. तुम्ही विचारलंत, वडील का थांबतात. ते आमच्या होकारासाठी थांबतात. एवढंच.

फलकाचं विचाराल, तर हेडमास्तरांनी खालचं नाव पुसून नवं लिहिलं. त्यात दोन अक्षरं चुकली आहेत म्हणे. विश्रामदादांनी तीही पाठ केली, चुकीसकट! आणि ते कौल लावतात का अजून? त्यांनी दहा गावच्या बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. म्हणाले, मी उलटं सांगितलं, आता दुसरा गुरव बघा. तिथली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, आमच्या तोंडाकडे बघणारा गुरव आम्हाला दुसरा कुठे मिळायचा? दुसऱ्या दिवशी कौल त्यांनीच लावला.

देव रागावला असेल? मला नाही वाटत. चाळीस वर्षं समोरासमोर आहेत दोघं. तुम्ही म्हणता, देव कळीतून बोलतो. बोलत असेल. पण कळी पडली त्या क्षणी लेकीच्या तोंडावर जे उमटलं, ते कोणाचं बोलणं होतं?

आता तुमच्याकडे वळतो. नाही, आधी माझ्याकडे. माझा मुलगा कुठे शिकतो, तुम्ही विचारता, मी अभिमानाने सांगतो. नावाजलेली जागा आहे. ती निवडायची त्या दिवशी तो मला म्हणाला होता, बाबा, तुम्हाला काय वाटतं? मी यादी बघितली आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. त्याचं तोंड बघितलं नाही. तीन वर्षं झाली. फोन करतो. कसा आहेस विचारलं की म्हणतो, बरा आहे. तेवढंच म्हणतो. कातळवाडीहून आलो त्या दिवशी मी त्याला फोन केला, विचारलं, बाळा, तुला खरं कुठे जायचं होतं रे? आणि गप्प बसलो. फार वेळ गप्प बसलो. मग तो बोलायला लागला, मंडळी. पाऊण तास बोलला.

तुमच्याही घरात कोणी निवडायला बसलं असेल. शाळा, गाव, जोडीदार, काहीही. याद्या करा, तक्ते करा, देवाला विचारा, जरूर विचारा. पण कळी पडेल तेव्हा नजर कुठे ठेवायची, ते विश्राम गुरवाकडून शिका. आणि लेकराला विचारलंत, तर उत्तराआधी तोंड उघडू नका.

पेटीवाले, सूर बंद. आता गाऱ्हाणं माझं, आणि होकार तुमचा. येतो ना आता तुम्हाला?

बा देवा, आमच्या लेकरांच्या मनात काय आहे ते आम्हाला दिसू दे, आणि दिसलं की ते मान्य करायची छाती दे रे महाराजा...

मी थांबलोय, मंडळी.