कोरडा हात

चहा घ्या, तोवर माझ्या पोरीच्या खलनायकाचं सांगतो. पल्लवीनं तरुण पोरांसाठी एक कादंबरी लिहिली होती. पुढच्या काळातलं शहर, आणि साऱ्यांचं पाणी मुठीत धरून बसलेला एक हुकूमशहा. ती खपली, तर प्रकाशक म्हणाले, आता हा माणूस तरुणपणी कसा बिघडला ते महिनाभरात लिहून द्या. तिथंच तिचं घोडं अडलं.

"बाबा, त्याच्या बापाले मारलं, घर जाळलं, तरी तो खरा वाटूनच नाही राह्यला."

"बापाले कायले मारतं?" मी म्हणालो. "त्याले कापसाचा व्यापारी कर. पहिल्या गाडीत त्यानं हात खुपसला, कापूस खरंच ओला होता. त्यानं भाव पाडला, शेतकरी गुमान मानला. दुसऱ्या गाडीतला कापूस कोरडा होता. तरी तोंडातून 'ओला हाय' निघालं, अन् तोही शेतकरी मानला. झाला तुहा हुकूमशहा."

"तुमाले कसं माहीत?"

"बाजारात ऐकू येते."

आठ दिवसांनी तिनं प्रकरण वाचून दाखवलं. सगळं मी सांगितलेलंच होतं, फक्त शेवटी एक ओळ जास्तीची होती: 'मग त्यानं तो कोरडा हात रुमालाला पुसला.'

रुमालाचं मी काहीच सांगितलं नव्हतं. पण लहानपणी ती माझ्यासोबत घाटंजीला, कापूस खरेदीच्या काट्यावर यायची.

तेव्हापासून मी रुमाल घरीच ठेवतो. कापूस मात्र अजूनही ओलाच निघतो.