पलीकडची दरड

मंडळी, एक सांगा — आपलं रान वाचवणं हे पाप आहे का? नाही ना? मग ऐका!

नांदवळ गावात नदीकाठी हैबती डुबल नावाचा बागायतदार. सज्जन माणूस, एकादशी कधी चुकवायचा नाही! देवासाठी की साबुदाण्यासाठी — ते विचारू नका! दर पावसाळ्यात नदी त्याच्या उसाचा काठ खायची. शेवटी वैतागला. तारेच्या जाळ्यांत दगड भरले आणि थेट पात्रात घुसेल असा बांध घातला!

भाऊ भोई नावेतून ओरडला, "नाना, धार पलीकडं ढकलताय! तिकडं नुसती माती हाय!"

"नदी काय मला विचारून वाहते व्हय?" हैबती हसला.

पलीकडं कोण? त्याचीच लेक दिलेली, सुभद्रा! पण तिचं घर उंचावर. तिथं कुठलं पाणी चढतंय, असं त्याला वाटलं. तुम्हाला नसतं वाटलं?

दोन वर्षं ऊस कसा — पुरुषभर उंच! तिसऱ्या श्रावणात पूर आला. भर दुपारी हैबती काठावर उभा. बांध तसूभर हलला नाही. "शाबास!" म्हणाला, आणि — धडाड्! समोरची दरडच कोसळली! पाणी वर चढलं नव्हतं हो — खालून पोखरत आलं होतं! लेकीचा गोठा कलला. विहीण चंद्राबाई म्हैस सोडायला आत धावली. सुभद्रेचे हात वर गेलेले दिसले, हाक मात्र ऐकू आली नाही. आणि गोठा, म्हैस, ती माउली — मंडळी, जिथं अंगण होतं तिथं नदी होती!

हैबतीचे पाय मात्र कोरडे!

चौथ्या दिवशी तो पुलावरून वळसा घालून लेकीकडे पोचला. तिनं तांब्या पुढे केला. हळूच विचारलं, "नाना, ऊस कसा हाय?"

हैबतीनं तांब्या तसाच खाली ठेवला.

उन्हाळ्यात त्यानं स्वतः पहार घेतली आणि बांध फोडला. गाव म्हणालं, "म्हातारा बिघडला!" पुढच्या पुरात त्याचा काठचा ऊस गेला. तो नुसता बघत राहिला. चंद्राबाई काही परत आली नाही.

आता सांगा, मंडळी! आपण रोज काय काय दारातून लोटून देतो — सांडपाणी, कचरा, राग! ते जातं कुठं? देवाचं नाव घेऊच. पण आधी, तुमच्या पलीकडं जो राहतो त्याचं नाव घ्या — मोठ्यानं! आठवतंय का?