कॅसेटच्या शेवटचा खोकला

मस्कतच्या हॉस्पिटलात शेजारच्या जोडप्यानं स्टॅन्लीला हिंदीत नंबर विचारला, त्यानं हिंदीतच सांगितला. मग ती दोघं मराठीत मोकळेपणी बोलू लागली, आणि आपण वसईचे, आपल्यालाही मराठी कळतं, हे सांगायचं त्याच्याकडून राहूनच गेलं.

“आज डॉक्टरांना विचाराच.”

“काय विचारू? आतड्यातला कॅन्सर खलास झाला, जीव वाचला. या वयात आणखी काय मागायचं?”

“ऑपरेशनपासून वर्षभर तुम्ही हॉलमध्ये झोपता.”

“आतल्या नसा दुखावल्यात, वसुंधरा. पुरुष म्हणून काही जमत नाही. तुझ्या शेजारी पडून काय करू?”

“लग्नानंतर दोन-दोन वर्षं तुम्ही इथे, मी देवरुखला. तेव्हा काय जमत होतं?”

“तेव्हा कॅसेट भरून पाठवायचो.”

“सगळं घर ऐकायला बसायचं. आईंचे गुडघे, छपराची कौलं, सगळ्यांची चौकशी. माझं नावसुद्धा नाही.”

“अण्णांसमोर कसं घेणार? म्हणून तर शेवटी दोनदा खोकायचो.”

“तो खोकला मी दुपारी एकटी मागे नेऊन नेऊन ऐकायचे. टेप झिजली तिथे.”

“कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत? औषध असेल, नसेल. डॉक्टरांना सांगा तरी. आणि आजपासून आत झोपा.”

नर्सनं “एकनाथ” म्हणून हाक मारली. नवरा उठला, डॉक्टरांच्या दारापाशी थांबला, आणि वळून दोनदा खोकला.

“पानी चाहिए क्या उनको?” स्टॅन्लीनं हिंदीत विचारलं.

“नहीं भैया,” दाराकडे बघत ती म्हणाली, “पुरानी खांसी है.”