सांतो कुणाच्या घरी

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर अन्सेल्मो, व्यासपीठावर विराजमान झालेले वाइपाहूच्या सेबुआनो मंडळाचे सल्लागार आणि त्यांच्या सौभाग्यवती, आजच्या सत्कारमूर्ती मनांग कॉन्सोर्सिया काबाहुग, नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या खुर्च्यांवर बसलेली प्रतिष्ठित मंडळी, आणि खुर्चीवर नाव नाही म्हणून मागे भिंतीला टेकून उभी असलेली माझी माणसं, सर्वांना नमस्कार.

मी प्रिमितिवा मागलासांग. हॉटेलच्या धुलाईखान्यात हाडं झिजवली, आता निवृत्त आहे. वयाने मी थोरली, पण सगळ्या गावाला कॉन्सोर्सियाबाईंना थोरली बहीण मानून मनांग म्हणायची सवय लागली, तशी मलाही लागली. मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे: ‘मनांगनी केलेली सांतोची सेवा’. हा विषय त्यांनी स्वतःच सुचवला असं कळलं. बरं केलं. दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

मनांग लास वेगासला निघाल्या. अर्धं हवाई बेट तिकडेच चाललंय, त्यात नवल नाही. इथे ज्या पैशात स्वयंपाकघर येत नाही, त्यात तिकडे बंगला येतो. समुद्र नाही, पण दोन गाड्यांचं गॅरेज आहे. आणि बंगल्यात एक खास खोली बांधून घेतलीय, सांतोच्या मूर्तीसाठी. फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिले. खाली लिहिलं होतं, ‘माझ्या सांतोची नवी खोली’.

आता ‘माझ्या’ या शब्दावर जरा थांबू. फादर, घंटीकडे हात नेऊ नका. उशीर झाला तर लेचोनची, त्या अख्ख्या भाजलेल्या डुकराची, कातडी मऊ पडेल, हे मलाही ठाऊक आहे. पडू द्या.

व्यासपीठावर हारात बसलेला हा हातभर लाकडी बाळयेशू, आपला सांतो, या बेटावर कसा आला? माझे वडील आणि दोरोतेओ सुमालिनोग आपल्या सेबुआनो मुलखातून एकाच बोटीने आले, साखरेच्या मळ्यावर. दोरोतेओच्या पोत्यात दोन सदरे, सुकी मासळी आणि हा. मळ्यावरच्या कॅम्पात नुसते बाप्ये. बायका तिकडे, पोरं तिकडे, आणि हे इथे ऊस तोडतायत. रात्री कोण कुठल्या कुशीवर वळून रडतो, हे सगळ्यांना माहीत आणि बोलायचं कुणी नाही. तेव्हा त्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की सांतो दर शनिवारी खोली बदलेल. आजारी असेल आणि एकटा असेल, त्याचा नंबर आधी. ज्याच्या खोलीतून निघतो, त्याने स्वतःच्या हाताने पुढच्या दारात नेऊन द्यायचा. दुसऱ्याच्या हाती पाठवायचा नाही.

दोरोतेओला मुकादम एकदा म्हणाला, “तुझा देव भारी फिरतो रे.” दोरोतेओ म्हणाला, “माझा कुठे? ज्याच्याकडे जाईल त्याचा. शनिवारपर्यंत.” हे माझ्या वडिलांनी मला इतक्या वेळा सांगितलं की दोरोतेओचा आवाज मी ऐकलाय असं वाटतं. तो बिचारा त्याच कॅम्पात वारला. लग्न नाही, पोर नाही. पण मरताना सांतो त्याच्या उशाशी होता, कारण त्या आठवड्याला नंबर त्याचाच होता.

मनांग, त्याच नंबराने सांतो तुमच्या घरी आला तेव्हा माझ्या नातवाला दात येत होते. आता तो दाढी करतो. इतका लांबलचक शनिवार मी कॅलेंडरात कधी पाहिला नाही.

अन्याय करायचा नाही मला. लाकडाला वाळवी लागली होती, तुम्ही माणूस बोलावून औषध करून घेतलंत. ते खरं आहे आणि त्याबद्दल सर्वांच्या वतीने आभार. पण शेजाऱ्याचं पोर तापात असताना रात्रभर सांभाळलं, म्हणून सकाळी त्याला आपलं आडनाव लावतात का? तुम्ही आधी काचेची पेटी केलीत. मग म्हणालात, पेटी जड आहे, हलवता येत नाही. मग जरीचा अंगरखा शिवलात, आणि म्हणालात, अंगरखा नाजूक आहे, हलवू नका. ज्यांना राखायला दिलं त्यांनीच गिळलं. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

लोला एपिफानियाला, त्या आजीबाईला, तुमच्यापैकी कितीजण ओळखता? टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहते. माझ्याबरोबर चादरींच्या घड्या घालायची. मुलीने इकडे बोलावून घेतलं आणि मुलगीच वारली. आता किडन्या गेल्या, डायलिसिसवर आहे. सांतोच्या सणाची पुढची फिएस्टा आपण काही बघत नाही, असं ती स्वतःच हसत सांगते. आजारी आणि एकटी. नियमाने नंबर कुणाचा, हे सांगायला पंचांग नको.

तिने मागितला सांतो. दर ईस्टरला मागितला. शेवटी मनांग घर बघायला गेल्या, मी सोबत होते. लोलाने वरून हाक दिली, “चपला खालीच काढा, भिंतीला हात लावून या, कठडा नाही.”

मनांग दारातच थांबल्या, नाकाला रुमाल. “लोला, मासळी तळलीत वाटतं?”

“तुम्ही येणार म्हणून तळली. बसा, भात गरम आहे.”

“जेवून आलेय मी. टेबल एवढंच का?”

“एवढंच. त्याला पुरेल की. त्याच्यासाठी मोकळं ठेवलंय, मी आपली पलंगावर बसून जेवते.”

खाली आल्यावर मनांग मला म्हणाल्या, “बघितलंस ना? अंगरख्याला वास लागेल. आणि त्या जिन्यात पडला-बिडला तर?”

मी म्हटलं, “म्हातारी आठवड्यातून तीनदा तोच जिना उतरते-चढते.”

“तिची गोष्ट वेगळी. तिला सवय आहे.”

हे वाक्य मी विसरलेले नाही. मला राग आलाय, मनांग, आणि तो मी हसून दाखवणार नाही. सुक्या मासळीच्या पोत्यातून समुद्र ओलांडून आलेल्या देवाला मासळीचा वास लागेल? अहो, त्याला तेवढाच एक वास ओळखीचा असेल. तुमच्या खोलीतल्या एसीचा नव्हे.

काय म्हणालात, मनांग? मोठ्याने बोला, माईक इकडे आहे. ‘हे बोलायची ही जागा नाही.’ बरं. मग कुठली? मंडळाच्या सभेत बोलले तर तुम्ही म्हणालात, विषयपत्रिकेत नाही. तुमच्या घरी येऊन बोलले तर तुम्ही चहा पाजलात आणि पडदे दाखवलेत. आता काय, लास वेगासला येऊन बोलू?

आणि तुम्ही, पुढच्या रांगेतले. मान खाली घालू नका. मूग गिळून बसलात म्हणून ही वेळ आली. फोटोखाली हृदयाची चिन्हं तुम्हीच टाकली होती.

उद्या सकाळचं मनांगचं विमान आहे. काचेची पेटी घरी भरून झालीय, हेही कळलं. आज सांतो इथे आणलाय तो निरोपाच्या फोटोपुरता. हा हॉलमधून मनांगच्या गाडीत गेला, की या बेटावर परत येणार नाही. मी त्याला हात लावणार नाही. तुम्हीही कुणी हिसकावून घ्यायचा नाही, आपण दरोडेखोर नाही. नियम तोच, ज्याच्या घरून निघतो त्याने स्वतः द्यायचा.

फक्त एक सांगते. लोला एपिफानिया आज इथे आहे. शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून खाली आणली. तिला यातलं काही माहीत नव्हतं, तांदळाचा गोड बिबिंगका खाऊ घालते म्हणून मी आणली. ती दाराशी बसलीय. हॉलला दार एकच आहे. मनांग, सांतोला घेऊन तुम्हाला तिच्यासमोरूनच जावं लागेल. तिच्या मांडीवर ठेवायचा, की तिच्या गुडघ्यांना वळसा घालून गाडीकडे न्यायचा, ते तुम्ही ठरवा. आम्ही सगळे बघतोय.

फादर अन्सेल्मो, घंटी वाजवली नाहीत, तुमचे उपकार. ज्यांनी स्वयंपाक केला, ज्यांनी खुर्च्या मांडल्या, त्यांचे आभार. बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं गेलं असेल, तर सभागृहाने पोटात घालावं. कॉन्सोर्सियाबाई, तुमची क्षमा मात्र मी मागत नाही.

उठा. उचला त्याला.