पाटाच्या खांबावरची टोपी

मी, अर्डिथ मर्ल पोमरॉय, वय ६८ वर्षे, धंदा गुरे पाळणे, राहणार बिटर क्रीक, पूर्व ऑरेगन, शेरीफ कचेरीत समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

आमच्या आणि शेजारी ऑर्वल टॅकेट यांच्या रानाला एकाच पाटाचे पाणी आहे. ज्याची पाळी असेल तो आपली टोपी पाटाच्या दाराच्या खांबावर ठेवतो. टोपी असेपर्यंत दुसरा दाराला हात लावत नाही. टोपी ज्याची त्यानेच काढायची, अशी वहिवाट आहे.

माझे पती मर्ल यांचे ९ जून रोजी निधन झाले. १४ तारखेला दफन झाले. त्याच दुपारी चारला आमची पाळी सुरू झाली. गाडीत मर्लची टोपी होती, ती मी खांबावर ठेवली. पाळी दुसऱ्या दिवशी चारला संपली. मी टोपी काढायला गेले नाही. कारण विचारता सांगते की, घरी काम होते. कोणते, ते आठवत नाही.

१८ तारखेला ऑर्वल घरी आला. म्हणाला, "अर्डिथ, माझं गवत वाळतंय आणि तुझ्या गायी पोहायला लागल्यात."

मी म्हटले, "मग दार फिरव."

"त्यावर टोपी आहे."

"काढ."

"मर्लची टोपी मी काढू? चाळीस वर्षांत त्यानं माझी कधी काढली नाही. शिव्या दिल्या, पण काढली नाही. तू काढ."

मी काढणार नाही असे सांगितले. त्याने कॉफी घेतली आणि तो गेला.

२० तारखेला ऑर्वलने तक्रार दिली. त्यात आरोपी म्हणून मर्लचे नाव लिहिले. डेप्युटी केसलर पाटावर आले. ते याच खोऱ्यातले आहेत. त्यांनीही टोपीला हात लावला नाही. म्हणाले, "वर दुसरी ठेवली तर वरच्याची पाळी धरू."

ऑर्वलची टोपी मर्लच्या टोपीवर बसेना. त्याचे डोके लहान आहे, हे मर्ल नेहमी म्हणत असत. ऑर्वल म्हणाला, "मेल्यावरही ऐकवतोय बघ." शेवटी काल चारला केसलर यांनी आपली सरकारी टोपी वर ठेवली आणि ऑर्वलने दार फिरवले. हा जबाब केसलर बोडक्याने लिहीत आहेत.

सरकारी टोपी आज चारला परत न्यावी. खालची राहू द्यावी. ऑर्वलने तालुक्याच्या दुकानातून मोठ्या मापाची टोपी मागवली आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. जे सांगितले नाही, ते त्यात नाही.