तुटक्या सुळ्याची खूण

...आणि वर लोक मलाच विचारतात, "तुम्ही कुत्र्याला काही बोललात का?" आता मी कुत्र्याला काय बोलणार? दुरुस्तीच्या कपड्यांचं गाठोडं बगलेत घेऊन मी आपला कडेकडेने दुकानाकडे चाललोय, तर समोरच्या इमारतीतल्या बाईंचं ते धूड फाटकातून सुटलं ते थेट माझ्या पोटरीला. नाव काय, तर बाळ. वासराएवढं बाळ. मी रस्त्यावर आडवा, आणि बाई गॅलरीतून सांगतायत, "घाबरू नका हो, खेळतोय तो." खेळतोय? मग डाव संपला म्हणावं, पोटरी सोड.

इंजेक्शनं झाली, पाय सुजून हा एवढा, मशीनचं पायडल मारता येईना, दुकानाला कुलूप. पण तुम्हाला सांगतो, केस पक्की होती.

आधी मी सरळ मार्गाने गेलो, लंगडत का होईना. म्हटलं, "वहिनी, औषधपाण्याचं आणि बुडालेल्या कामाचं तेवढं बघा." तर म्हणतात कशा, "आमचा बाळ? छे हो. तो दुधाशिवाय कशाला तोंड लावत नाही. रस्त्यावरचं एखादं चावलं असेल." म्हणजे मी खोटा. अहो, चावणाऱ्याचं तोंड मी ओळखत नाही? चांगली जवळून ओळख झाली आमची!

गेलो वकिलाकडे. माणूस काटकुळा, पण डोकं तेज. म्हणाले, "काका, त्या कुत्र्याला मी ओळखतो, त्याचा एक सुळा तुटकाय. पँट बघा. एका बाजूला भोक आणि दुसऱ्या बाजूला नुसती रेघ असेल, तर ते त्याचंच काम. सुनावणीला पँट घेऊन या, बाकी मी बघतो." घरी येऊन बघितलं. एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला रेघ. कुत्र्याने सहीच केली होती म्हणा ना. केस पक्की.

आता माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. रफू. पाय स्टुलावर टाकून मी दिवसभर घरात बसलेला, आणि समोर खुर्चीवर ती पँट. फाटकी. माझी. येणारा-जाणारा आधी पँटीकडे बघणार, मग माझ्याकडे. ही म्हणाली, "अहो, सारखं काय बघताय तिच्याकडे?" म्हटलं, "काही नाही." ही भाजी आणायला बाहेर पडली आणि मी विचार केला, उद्या सुनावणी, अधिकाऱ्यासमोर जायचं, चार माणसांत पँट मांडायची, आणि ती अशी? रफूवाल्याची पँट, भोक पडलेली? लोक काय म्हणतील? सुई हातात कधी आली, मला नाही माहीत. त्याच पँटीच्या आतल्या शिवणीतले धागे काढले, उभ्या ताण्याला ताणा, आडव्या बाण्याला बाणा. वर इस्त्री. घडी घालून पिशवीत. इतका निर्धास्त झोपलो म्हणता... केस पक्की होती ना.

सुनावणीत वकील काय बोलले, वा. शेवटी हात पुढे करून म्हणाले, "आणि हा पुरावा." अधिकाऱ्याने पँट उलगडली. सुलटी बघितली, उलटी बघितली, उठून खिडकीशी नेली. म्हणाला, "कुठे फाटलीय?" वकील माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, "साहेब, पायाच्या मागे." "मागे कुठे?" खरं सांगतो, त्या क्षणी मला जरा बरंच वाटलं. म्हटलं, "शोधा."

बाई म्हणाल्या, "बघा, मी म्हणत नव्हते?"

दावा फेटाळला. बाहेर आल्यावर वकिलांनी पँट पुन्हा उन्हात धरून बघितली. मग म्हणाले, "काका, निदान एक टाका तरी वाकडा घालायचा." मी? वाकडा?

पण माणूस चिवट. म्हणाले, बाईंशी एकदा समोर बसून बोलतो, काही तडजोड निघते का बघतो. बोलायला गेले आणि फाटकातच बाळ आडवा आला. पोटरी वाचली, काळा कोट गेला. तोवर पाय उतरून दुकान उघडलं होतं; मी मागच्या बाजूला होतो, तर कोट गल्ल्यावर टाकून, "काका, हा बघून ठेवा," असं ओरडून गेले तसेच कचेरीत. बघितला. एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला रेघ. ओळखीचं काम, लगेच हातावेगळं केलं.

संध्याकाळी फोन. "काका, बघितलात ना कोट? तोच सुळा! आता अपिलात बाईंना बोलायला जागाच नाही. तुमची केस पक्की. फक्त कोटाला हात लावू नका."

मी कोट दिव्याखाली धरला. अस्तर बघितलं, बाह्या बघितल्या, बोट फिरवून बघितलं. मलाच सापडेना हो.

म्हटलं, "वकीलसाहेब, कोट तयार आहे. कधीही घेऊन जा."